बुरशीबाईंची ऑर्किडं

डोळ्यांचे डॉक्टर वयानं बाईंच्या लेकीपेक्षाही लहान होते आणि वाईट बातमी सांगायचा हात अजून बसलेला नव्हता. त्यांनी आधी टेबलावरचं पेन सरळ केलं, मग पुन्हा तिरकं केलं. मग पडद्यावर बाईंच्या डोळ्याच्या आतला फोटो लावून ते म्हणाले, "काकू, हा जो मागचा पडदा आहे ना, त्याचा मधला भाग झिजत चाललाय."

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही. उजव्यात जरा जास्त. कडेचं दिसत राहील, घरात वावरता येईल. पण समोर बघितलं की मधोमध... म्हणजे चेहरे, अक्षरं, बारीक काम..."

"किती दिवस आहेत हातात?"

"तसं नक्की सांगता येत नाही."

"एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली आहेत, डॉक्टर. 'नक्की सांगता येत नाही' हे मीही लोकांना खूप सांगितलंय. तुमचा अंदाज सांगा."

डॉक्टर ओशाळले. "चार वर्षं. फार तर पाच. उजव्या डोळ्यात इंजेक्शनं देत राहू, वेग थोडा कमी होईल."

बाईंनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे एखादं वर्ष कमी पडतंय."

डॉक्टरांना काही कळेना. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला मात्र लगेच कळलं, आणि त्यानं छताकडे बघितलं.

कशाला एक वर्ष कमी पडत होतं, ते सांगायचं तर दहा वर्षं मागं जावं लागेल. बाई रिटायर झाल्या त्या दिवशी लॅबमधल्या मंडळींनी त्यांना एक ऑर्किड दिलं. कुंडीतलं, पांढऱ्या फुलांचं, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं. लॅबमध्ये बाईंना सगळे 'बुरशीबाई' म्हणत. रोग्यांच्या घशातले, जखमांमधले जंतू काचेच्या ताटल्यांमध्ये वाढवायचे, कुठली बुरशी कुठली ते ओळखायचं आणि रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. नाव तोंडावर कुणी घेत नसे असं नाही. तोंडावरच घेत, आणि बाईंना ते आवडायचं.

दोन महिन्यांनी त्या ऑर्किडची फुलं गळली. उरला एक वाळका दांडा आणि चार जाड पानं. नवरा ती कुंडी कचऱ्याच्या पिशवीत घालायला निघाला. हा माणूस आयुष्यभर सिटी बस चालवलेला, रिटायर झाल्यावरही शेजारीपाजारी त्याला ड्रायव्हरसाहेबच म्हणत. त्याच्या लेखी थांबलेली गोष्ट म्हणजे बिघडलेली गोष्ट. बाईंनी कुंडी त्याच्या हातून काढून घेतली. "मेलेलं नाहीये. मुळं बघा. हिरवी आहेत."

पुढच्या वर्षी त्याच रोपाला पानाच्या बगलेतून एक कोंब आला. मूळ असेल म्हणून बाईंनी फारसं लक्ष दिलं नाही. मग आठवड्याभरानं त्याच्या टोकाला हातमोज्यासारखा आकार दिसला, अंगठा एकीकडे, बाकीची बोटं एकीकडे, आणि बाई ओट्यापाशी चहा ओतता ओतता थबकल्या. मूळ नव्हतं. फुलाचा दांडा होता. त्या दिवसापासून त्यांना त्या खिडकीचं वेड लागलं ते लागलंच. कळ्या उमलायला दोन-दोन दिवस घ्यायच्या; आधी एक फट पडायची, मग मागच्या पाकळ्या सैलावायच्या, आणि सगळ्यात शेवटी मधला ओठ सुटायचा, कुणीतरी आतून कडी काढल्यासारखा. बाई खुर्ची टाकून बसायच्या. "अगं, सिनेमा आहे का तो?" असं ड्रायव्हरसाहेबांनी पहिल्या वर्षी विचारलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दुसरी खुर्ची आणली.

दहा वर्षांत कुंड्या अकरा झाल्या. आणि एका सकाळी बाईंच्या डोक्यात ते आलं. पांढरं मोठं फूल उमललेलं होतं, आणि शेजारी एक बुटकं, मेणासारख्या पाकळ्यांचं, पिवळ्यावर तांबडे ठिपके असलेलं आणि सकाळी दहापर्यंतच वास येणारं. या दोघांचं मूल कसं दिसेल? बाईंनी दात कोरायची काडी घेतली, पिवळ्या फुलाच्या मधल्या नाकाखालची टोपी अलगद उचलली, परागाचे दोन इवलेसे गोळे काडीवर घेतले आणि पांढऱ्या फुलाच्या पोटात चिकटवले. फूल दोन दिवसांत मिटलं. त्याच्या मागं बोटाएवढी हिरवी शेंग धरली. ती शेंग सात महिन्यांची झाली होती, त्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली.

ऑर्किडच्या बियेपासून फूल यायला पाच वर्षं तर लागतातच. घरातल्या खिडकीत सहाही लागतात.

परत येताना त्यांनी बस घेतली. ड्रायव्हरसाहेब दुसऱ्याच्या बसमध्ये बसले की एरवी ब्रेकवर, क्लचवर, वळणावर तोंड सोडायचे. त्या दिवशी चालकानं सिग्नलला चक्क दोनदा गाडी बंद पाडली तरी ते काही बोलले नाहीत. घर आलं तेव्हा म्हणाले, "मग शेंगेचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? पेरायची."

बी पेरायचं म्हणजे मातीत टाकायचं नव्हे. ऑर्किडचं बी धुळीसारखं. एका शेंगेत लाखांनी असतं, आणि एकाही दाण्याच्या पोटात पुढच्या प्रवासाची शिदोरी नसते. रानात त्याला एक बुरशी जेवू घालते. घरी ते काम काचेच्या बरणीत, साखर घातलेल्या जेलीवर करावं लागतं, आणि त्या जेलीवर हवेतला एक जरी जंतू पडला तरी सगळं संपतं. गावाबाहेरच्या मोठ्या नर्सरीचा मालक, ज्याच्याकडून बाईंनी पाच-सहा रोपं नेली होती, तो हे ऐकून मनापासून हसला.

"बाई, त्याला लॅब लागते. फिल्टरची हवा लागते. पांढरे कोट लागतात. स्वयंपाकघरात स्वयंपाक करावा माणसानं."

"पांढरा कोट आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं वापरलेला. तुमच्याकडे किती वर्षांचा आहे?"

एक मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पेटी आणली. ड्रायव्हरसाहेबांनी तिच्या एका बाजूला हात जातील एवढी दोन भोकं पाडली, कडा सँडपेपरनं घासल्या. मुरंब्याच्या, मधाच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या शेजाऱ्यांकडून गोळा झाल्या. पिकलं केळं, उकडलेला बटाटा, साखर, कोळशाची पूड आणि जेली धरायला अगार हे सगळं ढवळून बाईंनी बरण्यांत भरलं, आणि प्रेशर कुकरमध्ये पंचवीस मिनिटं ठेवलं. लॅबमधल्या मोठ्या यंत्रात हेच व्हायचं, फक्त शिट्टी नव्हती. मग खिडक्या बंद, पंखा बंद, ड्रायव्हरसाहेबांना बोलायची बंदी. पेटी आतून स्पिरिटनं पुसलेली. बी ब्लीचच्या पाण्यात धुतलेलं. बाईंनी हातमोजे चढवले, भोकांतून हात आत घातले, आणि दहा वर्षांनी त्यांच्या बोटांना आपलं काम पुन्हा सापडलं. झाकण काढ, सिरिंज टेकव, दोन थेंब, झाकण लाव. उजव्या डोळ्याला बरणीची कड मधोमध लाटेसारखी वाकलेली दिसत होती. बाईंनी तो डोळा मिटून घेतला आणि डाव्यानं चोवीस बरण्या केल्या.

महिन्याभरात नऊ बरण्यांत बुरशी आली. हिरवी, करडी, एकीत गुलाबी. "सगळ्या माझ्या ओळखीच्या," बाई म्हणाल्या आणि त्या नऊ काढून टाकल्या. उरलेल्या पंधरांत तिसऱ्या महिन्यात जेलीवर हिरवी झाक दिसू लागली, मग खसखशीएवढे हिरवे मणी. बाई भिंग लावून तासन्‌तास बघायच्या. प्रत्येक मणी म्हणजे एक रोप, आणि त्यातलं कुठलंही फूल आजवर जगात कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मोठ्या नर्सरीवाल्यानं नाही, कुठल्या पुस्तकानं नाही. हे त्या ड्रायव्हरसाहेबांना पुन:पुन्हा सांगायच्या, आणि ते दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे "असं?" म्हणायचे.

आता लेकीबद्दल सांगायला हवं. लेक विमा कंपनीत होती. कुठं आग लागली, जिना कोसळला, गाडी ठोकली की पाहणीला जायचं, मोजमाप घ्यायचं, कशामुळे झालं ते लिहायचं, हे तिचं काम. वीस वर्षं तेच केल्यामुळे तिला कुठल्याही घरात शिरलं की अपघात आधी दिसायचा आणि माणसं नंतर. आईच्या डोळ्यांचं कळल्यापासून तर तिला रात्रीची झोप नव्हती. "कुकर फुटेल. ब्लीच डोळ्यात जाईल. खुर्चीवर चढून वरच्या बरण्या काढशील आणि पडशील. आई, तुम्ही दोघं माझ्याकडे या ना. खोली रिकामी आहे."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"आई!"

लेक वाईट नव्हती, आणि तिनं जे केलं ते मायेपोटीच केलं. बाईंचं डोळ्यातलं इंजेक्शन होतं. ड्रायव्हरसाहेब सोबत गेले होते. लेकीकडे घराची किल्ली होती. आई परत येईल तेव्हा घर लख्ख असावं म्हणून ती सुट्टी काढून आली आणि तिनं स्वयंपाकघर घासूनपुसून काढलं. ओट्यावरच्या फळीवर तिला ओळीनं बरण्या दिसल्या; आत करडी जेली, तिच्यावर हिरवट काहीतरी. जेलीला बुरशी आली आणि आईला ते दिसलं नाही असं समजून तिनं त्या सगळ्या रिकाम्या केल्या, गरम पाण्यानं धुतल्या आणि पुसून उलट्या मांडून ठेवल्या.

बाई घरी आल्या तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. तरी त्यांना पालथ्या, चकाकणाऱ्या बरण्या दारातूनच दिसल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओट्याशी गेल्या, एक बरणी उचलली, तिच्यात बोट घालून आत काही उरलंय का बघितलं. मग शांतपणे विचारलं, "कुठं टाकलंस?"

"कचऱ्यात. गाडी येऊन गेली. आई, ते सगळं सडलेलं होतं. तुला दिसत नाहीये, त्यात किती..."

"सडलेलं काय असतं ते मला कळतं. एकतीस वर्षं पगार घेतलाय त्याचा. ती रोपं होती."

लेकीचा चेहरा पडला. तेवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण घाबरलेलं माणूस थांबत नाही. "रोपं? आई, ती फुलायला सहा वर्षं लागतात असं तूच म्हणालीस. फुलतील तेव्हा तुला दिसणार आहे का?"

लेकीला आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर ऐकू आलं.

"ते मी बघून घेईन," बाई म्हणाल्या. "किल्ली ठेव इथं आणि जा. चहा प्यायचा असेल तर पिऊन जा."

लेक चहा न पिता गेली. बाई पट्टी न काढता खुर्चीत बसल्या. ड्रायव्हरसाहेब बराच वेळ दारातच चपला घालून उभे होते. मग ते आतल्या खोलीत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ते दोन्ही हातांत दोन-दोन बरण्या छातीशी धरून बाहेर आले. त्यांच्या जुन्या खाकी गणवेशांच्या मागं ठेवलेल्या. आत हिरवे मणी शाबूत.

"हे कधी केलंत?"

"काल रात्री, तू झोपल्यावर. सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर सोडत नाहीत. चार-दोन डेपोत ठेवाव्या लागतात."

बाई तेव्हा रडल्या. पट्टी ओली करू नका असं नर्सनं बजावलं होतं, तेही त्यांना आठवलं नाही.

त्या चार बरण्यांवर पुढचं सगळं उभं राहिलं. मण्यांना पानं फुटली, पानांना मुळं. बाईंनी दोनदा त्यांना नव्या जेलीवर हलवलं. दुसऱ्या खेपेला डाव्या डोळ्यालाही रेषा वाकड्या दिसू लागल्या होत्या, आणि चिमट्याच्या टोकाशी नेमकं जे धरायचं तेच पुसलं जात होतं. दीड वर्षानं एकेचाळीस रोपं बरणीबाहेर काढून, कोमट पाण्यात धुऊन, लहान कुंड्यांत झाडाच्या सालीच्या तुकड्यांमध्ये लावली. पहिल्या उन्हाळ्यात बारा गेली. थंडीत सात. एकदा ड्रायव्हरसाहेबांनी प्रेमानं जास्त पाणी घातलं, त्यात पाच कुजली, आणि दोन दिवस त्यांनी बायकोच्या नजरेला नजर दिली नाही. उरली सतरा. ती मात्र चिवट निघाली.

लेक तीन महिने आली नाही. मग आली ती शेजारच्या दुकानातून झाडाच्या सालीचं पोतं घेऊन. ते दारात ठेवून म्हणाली, "जड आहे, तू उचलू नकोस." त्या दिवसाबद्दल आई बोलली नाही आणि लेकही. किल्ली मात्र तिला परत मिळाली नाही. दार वाजवून यावं लागे.

तिसऱ्या वर्षी बाईंना पेपर वाचता येईना. चौथ्या वर्षी माणसांचे चेहरे गेले. शेजारीण समोर येऊन उभी राहिली तरी मान होती, केस होते, आणि मधोमध ओल्या बोटानं पुसल्यासारखा करडा डाग. दवाखान्यातल्या एका शिक्षिकेनं त्यांना पांढरी काठी कशी धरायची ते दाखवलं, आणि आवाजावरून माणूस ओळखायचे धडे दिले. बाईंनी काठी घेतली. बाहेर जाताना ती हातात धरत, आणि रस्त्यात कुणी कीव केली तर ती जरा जोरातच आपटत.

खिडकीपाशी त्यांना काठी लागत नव्हती. कुंडी उचलली की वजनावरून पाणी हवं की नको ते कळायचं. पान चिमटीत धरलं की रोप सुखी आहे का तहानलेलं आहे ते कळायचं. नंबर वाचता येईना म्हणून ड्रायव्हरसाहेबांनी प्रत्येक कुंडीला सुतळी बांधली आणि तिला गाठी मारल्या. तिसऱ्या कुंडीला तीन, सतराव्या कुंडीला सतरा. सतरा गाठी मोजायला वेळ लागतो, पण बाईंकडे वेळ होता.

याच वर्षी नर्सरीचा मालक एकदा घरी आला. इकडून जाताना डोकावतो म्हणाला, खरं म्हणजे त्याला बघायचं होतं. सतरा रोपं बघून तो हसायचं विसरला. पानं उलटी-सुलटी करून बघितली. मग म्हणाला, "बाई, एक बोलू? ही मला द्या. माझ्याकडे दिवे आहेत, ऊब आहे. इथल्यापेक्षा आठ-दहा महिने आधी फुलवून देतो. तुमच्या डोळ्यांचं ऐकलं मी. म्हणून म्हणतो."

मोह खरा होता. आठ-दहा महिने म्हणजे बाईंच्या हिशोबात फार मोठी रक्कम. त्यांनी जवळची एक कुंडी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"तुमच्याकडे फुलेल, ते तुमच्या माणसांना आधी दिसेल," त्या शेवटी म्हणाल्या. "मला तयार फूल बघायचं नाहीये. मला ते येताना बघायचंय. कोंब आला ते, कळी फुगली ते. ते इथंच होणार."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर नाही दिसलं. पण मी खुर्चीत असेन."

मालक गेल्यावर ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "दोन-तीन तरी द्यायची होतीस." आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमची बस कधी दुसऱ्याच्या हातात दिली होती का?" तो विषय तिथंच मिटला.

साडेपाच वर्षं झाली त्या थंडीत बाईंच्या बोटाला सातव्या कुंडीत काहीतरी लागलं. पानाच्या बगलेत, टाचणीच्या डोक्याएवढं. मुळाचं टोक गुळगुळीत असतं, ओलसर लागतं. हे तसं नव्हतं. बाई रोज बोट लावत राहिल्या, हलक्या हातानं, झोपलेल्या तान्ह्याच्या कपाळाला लावावं तसं. दहाव्या दिवशी त्यांना अंगठा वेगळा लागला. त्या नवऱ्याला हाक न मारता तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, इकडे या. घाई करू नका. पण या."

दांडा वाढायला तीन महिने गेले. कळ्या दोनच धरल्या. पहिली टपोरी झाली तेव्हा ड्रायव्हरसाहेबांनी दोन्ही खुर्च्या खिडकीशी लावल्या.

कळीकडे सरळ बघितलं की ती नाहीशी व्हायची. तिच्या जागी तोच करडा डाग यायचा. पण खिडकीच्या कडीकडे बघितलं, की कळी त्या डागाखालून सरकून बाजूला यायची, धूसर पण असायची. बाईंनी आपली युक्ती आपणच शोधून काढली. दोन दिवस बाई त्या लोखंडी कडीकडे टक लावून बसल्या होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं की म्हातारीचं कडीशी काही भांडण आहे. फट पडली ती त्यांना दिसली. मागच्या पाकळ्या सुटल्या त्या दिसल्या, पिवळ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ सुटला, आणि तेवढ्यात वास आला, आईबापांपैकी कुणाचाच नसलेला, लिंबाच्या सालीसारखा आणि त्याच्या मागं काहीतरी दुधाळ.

"आला," बाई म्हणाल्या. "अहो, आला."

मग त्यांनी लेकीला फोन लावला. "ये. आणि तुझी मोजपट्टी घेऊन ये."

लेक कामावरूनच आली. खिडकीशी वाकली. मग म्हणाली, "किती सुंदर आहे गं."

"सुंदर म्हणजे काय? रिपोर्टमध्ये 'सुंदर' लिहितेस का तू? 'जिना सुंदर कोसळला आहे' असं? मला मोठं मोठं दिसतंय. बारीक दिसत नाही. नीट बघ आणि सांग."

लेकीनं पर्स खाली ठेवली, मोबाईलचा दिवा लावला आणि कामाला लागली. "रुंदी बासष्ट मिलिमीटर. पाच पाकळ्या आणि मधला ओठ. पाकळ्यांचा रंग पिवळा, पण कडेला फिका होत गेलाय, जवळजवळ पांढरा. उजव्या पाकळीवर आडव्या तांबड्या रेषा, अकरा. डावीवर नऊ."

"ठिपके नाहीत?"

"नाहीत, रेषा. तुटक तुटक. ओठ गडद, बीटासारखा. त्याला पुढं दोन मिशा आहेत. वरची पाकळी डावीकडे कलली आहे, आणि तिला टोकाशी खाच आहे." ती थांबली. "आतल्या बाजूला, अगदी तळाशी, केस आहेत. पांढरे. चार-पाचच."

"केस?" बाई पुढं सरकल्या. "आईला नाहीत ते. बापालाही नाहीत. नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, आई." लेकीचा आवाज बदलला. "आई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"आता ओठाचं चाललंय. मध्येच दुसरं आणू नकोस. केस कुठून सुरू होतात?"

लेकीनं डोळे पुसले, दिवा पुन्हा धरला आणि सांगितलं. पाऊण तास लागला. जाताना बाईंनी खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात दिली, आणि वर म्हणाल्या, "फळीवरचं काही धुवायचं नाही."

नर्सरीच्या मालकालाही बोलावलं होतं. त्यानं फूल चारी बाजूंनी बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की वास अव्वल आहे, पण वरची पाकळी वाकडी, रेषा दोन्हीकडे सारख्या नाहीत. प्रदर्शनात असलं चालत नाही. "आमच्याकडे असं आलं की आम्ही काढून टाकतो."

"म्हणून तुमच्याकडे सगळी एका साच्यातली दिसतात," बाई म्हणाल्या. तो हसला, आणि या खेपेला बाईही त्याच्याबरोबर हसल्या.

दोन फुलं अडीच महिने टिकली. ती गळायच्या आधीच तिसऱ्या आणि अकराव्या कुंडीत बाईंच्या बोटांना नवे कोंब लागले. पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी लेकीचा फोन आला. तिनं घर बदललं होतं. नवं घर तळमजल्यावर होतं, जिना नाही, दवाखाना जवळ, आई-बाबांना सोयीचं. ती यावेळी घाबरून बोलत नव्हती, नीट समजावून बोलत होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"घर चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण अजून सोळा फुलायची आहेत. प्रत्येकाचं फूल वेगळं असणार. मला आत्ता जागा बदलायला वेळ नाही."

"आई, सोळा फुलायला किती वर्षं लागतील?"

"लागतील तेवढी लागतील. रविवारी ये. मोजपट्टी आण."

फोन ठेवून त्या परत खिडकीशी आल्या. सुतळीच्या अकरा गाठी मोजल्या, दांड्यावरून बोट वर नेलं. काल चार कळ्या लागल्या होत्या. आज पाच लागल्या.